माथेरान, व्हाया डोंबिवली

माथेरानचा शोध एका ठाणेकराने लावला, हे ठाणेकर पुरेशा मोठ्याने सांगत नाहीत याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. एरवी तलावपाळी, मामलेदारची मिसळ आणि १६ एप्रिल १८५३ ची पहिली रेल्वे एवढ्या भांडवलावर ठाणेकर कुणालाही तासभर अडवून ठेवू शकतो. पण त्या रेल्वेच्याही तीन वर्षं आधी, मे १८५० मध्ये, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला असताना समोरचा डोंगर चढून गेले, वरची गर्द झाडी बघून खूश झाले आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. सरकारी दौऱ्यात स्वतःची सहल उरकून घेण्याची थोर परंपरा आपल्या जिल्ह्यात किती जुनी आहे, हे यावरून लक्षात यावं. तेव्हा तो मुलूखही ठाणे जिल्ह्यातच होता. माथेरान आपल्या हातून रायगडात गेलं ते पुढे.

आता, डोंगरावर ठाकर, कातकरी, धनगर त्याआधी कैक पिढ्या वर-खाली करतच होते. पण आपण हिल स्टेशनला राहतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते साहेबाने सांगितलं, मग गव्हर्नर एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, पॉइंटांना नावं पडली. साहेबाने बायका-मुलींची, गव्हर्नरांची, राजांची नावं देऊन संपवली आणि उरलेल्या एका पॉइंटला साळिंदराचं दिलं. आपण सूर्यास्त बघायला जातो तो हाच पॉर्क्युपाइन पॉइंट.

मॅलेटसाहेबांनंतर या डोंगरावर सर्वांत जास्त हक्क कुणी सांगितला असेल, तर तो डोंबिवलीकराने. कारण सोपं आहे. महाबळेश्वरला जायला रजा लागते, माथेरानला जायला कर्जत लोकल पुरते.

पण ही लोकल पकडण्यातच पहिली गंमत आहे. डोंबिवलीकराची डाऊन गाडीशी गाठ पडते ती रात्री, घरी येताना, आणि तीही पायदानावर. सकाळच्या वेळी तो आयुष्यभर फलाटाच्या एकाच बाजूला तोंड करून उभा राहिलेला असतो. सहलीच्या दिवशी उलटं तोंड करायचं म्हणजे त्याच्या मानेला जड जातं. तरीही सवयीने तो दरवाजा नेमका कुठे येणार ती जागा हेरतो, सॅक पाठीवरून काढून छातीवर घेतो, एक पाय पुढे टाकतो आणि गाडी थांबायच्या आत आत घुसतो. आत बघतो तर डबा रिकामा! पावसाळ्यातले रविवार सोडले, तर डोंबिवलीपलीकडे सकाळी बऱ्यापैकी जागा असते, हे त्याने ऐकलेलं असतं. पण स्वर्गाबद्दलही त्याने बरंच ऐकलेलं असतं. तो तीन जणांच्या बाकड्यावर चौथ्या सीटच्या जागी, अर्धं अंग बाहेर ठेवून टेकतो. "अहो, आत सरकून बसा ना, कोणी नाहीये," बायको म्हणते. तो सरकतो, पण त्याला ते पटत नाही. ठाकुर्ली येईपर्यंत तो पुन्हा कडेला आलेला असतो.

जाताना उजव्या खिडकीशी बसायचं, हा या प्रवासातला एकमेव नियम. अंबरनाथ सोडलं की उजवीकडे डोंगररांग उलगडत जाते. चंदेरीचा सुळका, म्हसमाळ, नवरा-नवरीचे सुळके आणि मग पेबच्या पाठीमागे माथेरानचं सपाट डोकं. ही रांग बघताना प्रत्येक कुटुंबात एकच संवाद होतो. "तो बघ मलंगगड." "बाबा, मलंगगड मघाशीच गेला." "तो वेगळा. हा मलंगगडच." डोंबिवलीकराच्या भूगोलात कुठलाही सुळका दिसला की तो मलंगगड असतो, कारण लहानपणी गच्चीवरून तोच दिसायचा. आता समोर टॉवर उभा राहिल्याने तोही दिसत नाही, तेव्हा आठवणीवर भागवावं लागतं. त्याच डब्यात दोराची वेटोळी आणि मोठाल्या सॅका घेतलेली ट्रेकर पोरं असतात. त्यांना सगळी नावं अचूक ठाऊक असतात. ती फक्त एकमेकांकडे बघून हसतात, काही बोलत नाहीत.

नेरळला उतरलं की मिनी ट्रेन. या गाडीच्या जन्माची एक आख्यायिका सांगतात. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बडे व्यापारी माथेरानला जायला नेरळपर्यंत आले. त्या काळी वर जायचं तर घोडा, डोली किंवा पालखी. त्या दिवशी सगळी वाहनं आधीच गेलेली. शेठना जागा मिळाली नाही. त्यांनी ठरवलं की आता येईन तर आगगाडीनेच येईन. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं, सोळा लाख रुपये खर्च झाले आणि १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून गाडी वर पोचली.

ही गोष्ट ऐकली की मी अस्वस्थ होतो. एका माणसाला एकदा जागा मिळाली नाही, तर त्याने रेल्वे बांधली. डोंबिवलीतल्या लाखो माणसांना गेली कित्येक वर्षं रोज सकाळी जागा मिळत नाही, आणि आपण काय करतो? वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहितो. पीरभॉयांची चिकाटी आपल्यात असती, तर आज डोंबिवली ते मुंबई किमान चाळीस-पन्नास समांतर मार्ग असते आणि प्रत्येकावर आपापल्या आडनावाची पाटी असती.

गाडी मात्र लोभस आहे, यात वाद नाही. साधारण एकवीस किलोमीटर अंतर, वीस फुटांमागे एक फूट असा चढ, आणि वळणं इतकी की पुढच्या डब्यातल्या मावशी काय खातायत ते मागच्या डब्यातून दिसतं. वाटेतल्या थांब्यांची नावंही कशी, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. मार्गावर बोगदा एकच, आणि तो इतका आखूड की त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. तेवढ्यात जे उरकायचं ते उरका. आपला ठाण्यापुढचा पारसिकचा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे, १९१६ पासून वापरात आहे, आणि २०२२ पर्यंत जलद लोकलमधून रोज हजारो स्त्री-पुरुष त्यातून जात. एवढ्या काळोखात आणि एवढ्या अवधीत तिथे कुणाला आजवर काही सुचलं असेल तर ते "जरा पुढे सरका" एवढंच.

तर मिनी ट्रेनचं तिकीट. ते मिळत नाही. गाडीला डबे मोजके, फेऱ्या मोजक्या, आणि खिडकीपुढे तुमच्याआधी आलेले लोक मात्र भरपूर. शिवाय पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला तो सुरू व्हायला २००७ उजाडलं; २०१९ च्या पावसानंतर बंद पडलेली गाडी नेरळहून पुन्हा निघाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. डोंगराला ही गाडी फारशी मान्य नसावी, पण तीही हट्टी आहे. ती नसली तर घाटातून शेअर टॅक्सी. टॅक्सीवाला पाच जणांच्या जागेत किती माणसं बसतील याचा अंदाज घेत असतो, आणि इतका वेळ रिकाम्या डब्यात गोंधळलेल्या डोंबिवलीकराला इथे प्रथमच आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. "बसा हो, होतंय," तोच बाकीच्यांना सांगतो. "तुम्ही पुढे, तुम्ही मागे टेका." शेवटचा माणूस आत घालून दरवाजा कसा लावायचा, हे तो टॅक्सीवाल्याला शिकवतो.

दस्तुरी नाक्याला गाड्या संपतात. इथून पुढे मोटार नाही. ही बंदी जुनीच. २००३ मध्ये हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला तेव्हा ती आणखी पक्की झाली. रुग्णवाहिका वगैरे सोडली, तर साऱ्या गावात पेट्रोलवर चालणारं काही नाही. गावाचे रहिवासी पाच हजारांच्याही आत. कल्याण-डोंबिवली पालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर आम्ही कुणी स्वस्थ बसलेलो नाही.

या हॉर्न नसलेल्या रस्त्यावर आपल्या माणसांचं निरीक्षण करावं. डोंबिवलीचा फडके रोड ओलांडायची सवय झालेला माणूस मोकळ्या लाल रस्त्यावरही मुलाचं मनगट घट्ट धरून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघतो. पण त्याच्या मागून घोडा येतो, आणि घोडा हॉर्न देत नाही. घोडेवाला "बाजू, बाजू!" ओरडतो, तरी हा ढिम्म. हॉर्न वाजल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही, ही शिकवण हाडीमासी खिळलेली. शेवटी घोडा त्याच्या मानेवर सुस्कारा टाकतो. मग तो जी उडी मारतो, ती बघण्यासारखी असते.

नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर. पायी, घोड्यावर, पूर्वी हातरिक्षाने, आता ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून शटलने. यावर कुटुंबाची बैठक भरते. आजी म्हणतात, "मी चालेन." याचा अर्थ त्या चालणार नाहीत. मुलाला घोडा हवा. बाबा घोडेवाल्याशी बोलायला पुढे होतात.

"साहेब, बारा पॉइंट फिरवतो."

"एकूण किती आहेत?"

"अडतीस."

"मग बाकीचे सव्वीस?"

"ते असेच आहेत साहेब. दरीच दिसते."

"या बारांतून काय दिसतं?"

घोडेवाला थोडा विचार करतो. "दरीच," तो म्हणतो. "पण जवळून."

बाबा मनातल्या मनात पॉइंटामागे किती पडले याचा हिशोब करतात. तोवर आई मुलाला रिकिबीत पाय घालून वर बसवून मोकळी झालेली असते. घोड्याचं नाव बादल. बादल चालू लागतो, आणि बाबांची घासाघीस त्याच्या शेपटामागे धावत जाते.

हातरिक्षाबद्दल मात्र थट्टा करवत नाही. डोंगराच्या चढावर एक माणूस पुढून ओढतोय, दोघं मागून ढकलतायत आणि वर एक गृहस्थ मोबाइलवर व्हिडिओ काढतायत, हे दृश्य आपण इतकी वर्षं 'माथेरानची मजा' म्हणून खपवलं. ई-रिक्षा द्या, अशी मागणी रिक्षा ओढणाऱ्यांनीच लावून धरली होती. २०२२ च्या अखेरीस चाचणी म्हणून काही ई-रिक्षा आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं बजावलं. रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक घालावेत की नाहीत, यावरही कोर्टकचेऱ्या झाल्या. पेव्हर ब्लॉक दिसले की डोंबिवलीकराला गहिवरून येतं. कुठला निखळलाय हे तो न बघताच ओळखतो.

आमच्या सोसायटीतले एक काका गेल्या वर्षी इटलीला जाऊन आले. आल्यापासून ते फक्त डोंगरावरच्या गावांबद्दल बोलतात. "काय सांगू, गावात गाडीच जात नाही! खाली पार्क करायची आणि चढायचं. दगडी रस्ते, खाली दरी, सगळीकडे शांतता!" जिन्यात गाठून त्यांनी मला सान जिमिन्यानो या गावाचे फोटो दाखवले. मध्ययुगात तिथल्या बड्या घराण्यांनी एकमेकांना खिजवायला घरावर उंच मनोरे बांधायचा सपाटा लावला. बहात्तर झाले होते म्हणतात, त्यांतले चौदा आज उभे आहेत आणि सर्वांत उंच चौपन्न मीटरचा आहे. चौपन्न मीटर म्हणजे अठरा मजले. डोंबिवलीच्या पेंडसे नगरात रिडेव्हलपमेंटच्या पाट्यांवर याहून उंच चित्रं लागलेली असतात. सान जिमिन्यानोच्या पालिकेनेही मनोऱ्यांच्या उंचीवर मर्यादा घातली होती. नियमाचं पुढे काय झालं असेल, ते डोंबिवलीकराला सांगायला नको.

काकांचं आणखी एक लाडकं गाव चिविता दि बान्योरेज्यो. ठिसूळ खडकावर वसलेलं, कडे ढासळत चाललेले, आणि आत जायला एकच पादचारी पूल. तिथे २०१३ पासून प्रवेशाचे पैसे घेतात. "शिस्त बघा!" काका म्हणाले. हेच काका माथेरानच्या नगरपरिषदेने नाक्यावर प्रवासी कर मागितला तेव्हा पावती फडकवत "कसला कर, कशाचा कर?" म्हणून तिथल्या पोराशी हुज्जत घालत होते. मी हजर होतो. गाडी खाली ठेवून चढणं, लाल रस्ते, दरी, शांतता, कर, सगळं तेच. फक्त इथे माकडं जास्त आणि युरो कमी. पण काकांना हे पटवता येत नाही, कारण इटलीच्या सहलीचे हप्ते अजून चालू आहेत.

माकडांवरून आठवलं. माथेरानची माकडं माणसाला नव्हे, पिशवीला ओळखतात. वेफर्सच्या पाकिटाचा आवाज त्यांना दरीच्या पलीकडून येतो. पुण्याचे, नाशिकचे, सुरतेचे पाहुणे खांद्याला पर्स लटकवून ऐटीत चालतात आणि पाच मिनिटांत लुटले जातात. डोंबिवलीकराची सॅक मात्र छातीवर, दोन्ही हात तिच्यावर, डोळे चौफेर. माकड येतं, निरखतं, आणि हा आपल्यातलाच दिसतोय असं समजून निघून जातं.

पॉइंटांवर मी फार वेळ घालवणार नाही. घोडेवाल्याचं म्हणणं खरं आहे, दरीच दिसते. पण लुइझा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड बघताना एरवी एका जागी तीन मिनिटं न थांबणारी माणसं गप्प बसतात, आणि शार्लोट तलावाच्या काठी पिसारनाथाच्या देवळात गारवा असतो. एको पॉइंटवर सगळे ओरडतात. मुलं स्वतःचं नाव ओरडतात, नवविवाहित एकमेकांचं. एक गृहस्थ कड्याला तोंड करून "हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का?" असं जीव तोडून ओरडत होते, आणि तिकडून अगदी तेच परत येत होतं. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्या कानाला फोन होता.

खरी गर्दी पॅनोरमा पॉइंटवर. मोठा फेरा मारून माणसं तिथे पोचतात, घाम पुसतात आणि उत्तरेकडे बोट करून म्हणतात, "ते बघ आपलं डोंबिवली!" अडीच हजार फूट चढून, दोन तास चालून माणूस शोधतो काय, तर ज्या बिल्डिंगमधून सकाळी कुलूप लावून निघाला ती बिल्डिंग. तिकडे खरं तर फक्त पांढुरका धूसर पट्टा असतो. पण बापलेकांत वाद रंगतो. "तो जास्त धूर आहे ना, ती एमआयडीसी. त्याच्या डावीकडे आपण." २०२० मध्ये ज्या गावातला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, त्या गावच्या माणसाला माथेरानच्या लाल मातीचंही फार अप्रूप नसतं. जांभा दगडाची ही माती बुटांवर, मोज्यांत, आजींच्या पदरावर बसते, आणि धुतल्यावरही महिनाभर पाण्यातून येत राहते. आमच्याकडे रंग सांडला तर तपास होतो. इथला रंग फुकट घरी न्यायला मिळतो.

एक गोष्ट घोडेवाल्याच्या बारा पॉइंटांत नाही, ती मी सांगून ठेवतो. हुतात्मा भाई कोतवाल याच गावचे. १ डिसेंबर १९१२ ला इथे जन्मले, वकील झाले, गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने डोंगरांमधून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तो सिद्धगड आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाडकडे आहे. माथेरानला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं? चिक्कीच्या दुकानांची नावं मात्र सगळ्यांना पाठ असतात.

मग सूर्यास्त. पॉर्क्युपाइन पॉइंटवर कठड्याशी माणसांची चौथी रांग लागलेली असते. लाल गोळा धुक्यात उतरायला लागतो. सगळे श्वास रोखून उभे, आणि आपला माणूस मोबाइलवर एम-इंडिकेटर उघडून नेरळची परतीची लोकल बघतोय. इथून बाजार इतका वेळ, नाका इतका वेळ, घाट इतका वेळ. मान वर करून तो पुन्हा आकाशाकडे बघतो आणि बायकोला म्हणतो, "दोन मिनिटं लेट आहे." सूर्य बुडायला अजून बोटभर अवकाश असतानाच गर्दीतून वाट काढत तो मागे फिरतो, कारण सगळे एकदम निघाले की टॅक्सी मिळणार नाही. त्याने आजवर एकही सूर्यास्त शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. शेवटच्या स्टेशनआधीच दाराशी येऊन उभं राहायची ही सवय सूर्यालाही सोडत नाही.

तेव्हा जायचं तर रविवार टाळा. आठवड्यातला मधला एखादा दिवस, ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला, सकाळची कर्जत लोकल. नाक्यावर घोडा, रिक्षा काही करू नका. रुळांच्या कडेने चालत जा, सावली आहे आणि चढ सोसवणारा आहे. उत्साह असेल तर रुळांवरूनच कड्यावरच्या गणपतीकडे वळा. कचरा खाली घेऊन या, माकडाला काही देऊ नका आणि कर मुकाट्याने भरा. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, कारण संध्याकाळी नेरळच्या खिडकीपुढे अर्धी डोंबिवली सुट्टे पैसे शोधत उभी असते.